बेळगावात ट्राम आणायची तर पैसा कसा उभा करायचा: सरकारचा, खासगीचा आणि गावचा

बेळगावात ट्रॅफिकचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी ट्रामचं नाव काढतंच, आणि लगेच दुसरा म्हणतो सरकारकडं पैसा कुठाय, खासगी कंपनीला द्या, पीपीपी म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी करा की झालं. इथंच सगळी चर्चा अडते. खासगी कंपनी जो पैसा लावते तो व्याजासकट आणि नफ्यासकट परत घेते, आणि तो परत द्यायचा कुणी, तिकीट काढणाऱ्यानं, घरपट्टी भरणाऱ्यानं की बेंगळुरूच्या तिजोरीनं, हे आधी ठरलं नाही तर ट्राम एकतर कागदावर राहते नाहीतर सुरू होऊन पाच-सात वर्षांत कोर्टात जाते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा दिलाय, बांधकामाचा पैसा नंतर आणि रोजचा खर्च आधी. नगरसेवक असाल, व्यापारी संघटनेत असाल, कॉलेजची पोरं असाल किंवा नुसतंच गावाचं बरं व्हावं असं वाटत असेल, तर हा क्रम धरून प्रश्न विचारा.

पहिलं काम: ट्राम लागते का ते मोजा

गर्दीच्या एका तासात, एका दिशेनं, एका रस्त्यावरून किती माणसं जातात हा आकडा सगळ्याचा पाया आहे. केंद्राच्या नगरविकास खात्यानं २०१९ मध्ये मेट्रोलाइटची मानकं काढली, म्हणजे रस्त्याच्या पातळीवर रुळावर चालणारी, ट्रामच्या जवळची हलकी गाडी, तिची कमाल मर्यादा तासाला १५,००० प्रवासी धरलीय. मग २०२० मध्ये मेट्रोनिओ आली, वरच्या तारेवर चालणारी रबरी टायरची लांब बस, ती ८,००० पर्यंत. आपल्या खानापूर रोडवर किंवा जुन्या पीबी रोडवर हा आकडा दोन-तीन हजारच निघाला तर सरळ स्वतःची लेन असलेली इलेक्ट्रिक बस मागा, ट्रामचा हट्ट धरू नका, कारण कमी माणसांवर रूळ टाकले की प्रत्येक माणसामागं सरकारला पदरचं जास्त घालावं लागतं.

२०१७ च्या मेट्रो रेल धोरणात तर केंद्राची मदत हवी असेल तर बस, ट्राम, हलकी रेल्वे, मेट्रो असे सगळे पर्याय एकमेकांशी ताडून बघायचा अहवाल सक्तीचा केलाय, आणि प्रकल्पातून समाजाला मिळणारा आर्थिक परतावा किमान १४ टक्के दिसायला पाहिजे. हा अभ्यास करून घ्यायचं काम कर्नाटकात डल्ट बघतं, म्हणजे शहरी भू-परिवहन संचालनालय, ते बेंगळुरूला. तेव्हा पहिली मागणी ट्रामची करू नका, शहराच्या वाहतूक आराखड्याची आणि पर्यायांच्या अभ्यासाची करा. त्याला खर्च कमी लागतो आणि तो नसेल तर पुढं कोणी फाईल उघडतच नाही.

शहर लहान आहे म्हणून ट्राम होणारच नाही असंही नाही हं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. फ्रान्समधलं बेझांसाँ हे जेमतेम सव्वा लाखाचं शहर, तिथं २०१४ मध्ये साडेचौदा किलोमीटरची ट्राम साधारण २५ कोटी युरोत झाली, आणि ती स्वस्तात होण्याचं कारण म्हणजे त्यांनी भपका टाळला, साधे थांबे, साध्या गाड्या. पण फ्रान्समध्ये शहरातल्या ११ किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांकडून पगाराच्या टक्क्यावर वाहतूक कर घेता येतो, त्याच्या मोठ्या आधारावर त्यांची ट्राम चालते. आपल्याकडं राज्यघटनेच्या कलम २७६ नं व्यवसाय कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांवर बांधलाय, त्यामुळं तो रस्ता बंद. तिकडचं बघताना गाडी बघू नका, तिचा खर्च कोण उचलतं ते बघा.

मालक कोण ते ठरवा

घटनेच्या राज्य सूचीत तेराव्या नोंदीत नगरपालिकांच्या ट्रामचा उल्लेख आहे, म्हणजे विषय मुळात राज्याचा. पण बेळगावात एक रस्ता धरून सरळ गेलात तरी चार-पाच मालक लागतात. समजा लाईन सीबीटीपासून, म्हणजे शहर बस स्थानकापासून, चन्नम्मा सर्कल, संभाजी चौक, गोगटे सर्कल, आरपीडी क्रॉस, तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी करत मच्छेला व्हीटीयू म्हणजे तंत्रज्ञान विद्यापीठापर्यंत, म्हणजे दहाएक किलोमीटर. यात महापालिका आली, बुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरण आलं, रेल्वे आली, वायव्य परिवहन महामंडळाच्या बसेस आल्या, कॅम्पातली एक इंच जागा जरी लागली तरी कॅन्टोन्मेंट आणि संरक्षण खातं आलं, शहराबाहेरच्या टप्प्यात ग्रामपंचायती आल्या. पैसे देणारी बँक पहिला प्रश्न हाच विचारते की सही कोण करणार.

म्हणून सगळ्यांची मिळून एक कंपनी लागते, एसपीव्ही म्हणतात ती. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही, २०१६ च्या पहिल्या २० स्मार्ट सिटीत बेळगाव होतं तेव्हा अशीच कंपनी काढली होती. आणि हुबळी-धारवाडला बीआरटीएससाठी, म्हणजे स्वतंत्र लेनमधल्या जलद बससेवेसाठी, वेगळी कंपनी आहे, जागतिक बँकेच्या मदतीनं साधारण २२ किलोमीटरचा मार्ग झाला, २०१८ पासून चिगरी बस धावतेय. तिथं एकदा जाऊन बघाच, कुठली जागा कुणाच्या ताब्यात, दुरुस्ती कोण करतं, तिकिटाचा पैसा कुठं जमा होतो, हे सगळं आपल्या दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

रोजचा हिशोब, हा भाग नीट वाचा

खालचे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून धरलेत, खरे आकडे डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, येतील. दहा किलोमीटर, दर किलोमीटरला १०० कोटी, म्हणजे १,००० कोटी. रोज ४०,००० प्रवासी आणि सरासरी तिकीट १५ रुपये धरलं तर दिवसाला ६ लाख, वर्षाला साधारण २२ कोटी. गाडी चालवायचा खर्च, वीज, पगार, देखभाल मिळून वर्षाला २५ कोटी धरा. म्हणजे तिकिटावर नुसती गाडीसुद्धा चालत नाही, बांधकामाचं कर्ज तर लांबच.

आता सगळं खासगीला दिलं असं समजा. केंद्राची व्हीजीएफ नावाची योजना आहे, ज्या प्रकल्पाला समाजाला फायदा आहे पण धंदा म्हणून जमत नाही त्याला प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत केंद्र देतं आणि आणखी २० टक्क्यांपर्यंत राज्य देऊ शकतं. म्हणजे ४०० कोटी आले. उरलेले ६०० कंपनीनं आणायचे, त्यात ४२० कर्ज आणि १८० स्वतःचे. साडेनऊ टक्क्यानं व्याज ४० कोटी, मुद्दल वीस वर्षांत फेडायची म्हणून वर्षाला २१, स्वतःच्या पैशावर १४ टक्के परतावा म्हणजे २५, आणि चालवायचे २५. एकूण १११. तिकिटातून आले २२. पहिल्या वर्षाची तूट ८९ कोटी! आणि गंमत म्हणजे या प्रकाराला आपल्याकडं लोक सरकारवर बोजा न पडणारा प्रकल्प म्हणतात.

दुसरी मांडणी बघा. रस्ता, रूळ, तारा, ड्रेनेज हलवणं ही ७०० कोटींची कामं सरकारच्या पैशानं. गाड्या, डेपोची यंत्रं आणि वीस वर्षं चालवणं-सांभाळणं हे ३०० कोटींचं खासगीकडं. कंपनीला ३०० कोटींचा वर्षाचा हप्ता ११ टक्क्यानं साधारण ३८ कोटी, अधिक चालवायचे २५, वजा तिकिटाचे २२, उरले ४१ कोटी. सरकारी ७०० पैकी २०० कोटी बाँड किंवा बँकेच्या कर्जातून आले असं धरलं तर ८ टक्क्यानं त्याचा हप्ता आणखी २० कोटी. एकूण तूट ६१ कोटी. ८९ कुठं आणि ६१ कुठं, आणि ट्राम तीच, थांबे तेच, फक्त सरकारचे थेट पैसे ४०० ऐवजी ५०० कोटी. सरकारला कर्ज स्वस्त पडतं आणि खासगी कंपनी गाडी चालवण्यात हुशार असते, प्रत्येकाकडून त्याला जमतं तेच घ्यायचं, माझं या बाबतीत ठाम मत झालंय.

यात एक मोठी गोष्ट आपल्या राज्याची. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. ट्रामला ही सवलत नसेल तर वडगाव-शहापूरची बाई पंधरा रुपये देऊन ट्राममध्ये कशाला चढेल, शेजारून बस जातेय की. आणि सवलत असेल तर प्रत्येक शून्य तिकिटामागं राज्यानं ट्रामच्या कंपनीला किती द्यायचे ते करारातच लिहिलेलं पाहिजे. हे न लिहिता डीपीआरमध्ये ४०,००० प्रवासी दाखवले तर तो आकडा फुगवलेला आहे असं समजा. तसंच महामंडळाच्या बस त्याच रस्त्यावर समांतर धावत राहिल्या तर दोघांचंही नुकसान, त्या बस हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर अशा गावांकडून ट्रामच्या थांब्यापर्यंत आणायला पाहिजेत.

सरकारी पैसा कुठल्या दारातून येतो

केंद्राकडून मेट्रो धोरणाखाली तीन वाटा आहेत: वर सांगितलेली व्हीजीएफ, एकरकमी १० टक्के अनुदान, किंवा केंद्र-राज्य निम्मे-निम्मे भागीदार असलेली कंपनी. तिन्हींत कुठल्या ना कुठल्या कामात खासगी भाग घेणं सक्तीचं आहे, निदान तिकीट वसुली किंवा देखभाल तरी.

२०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. त्यात चांगल्या प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्र देणार, पण निदान ५० टक्के बाँड, बँक कर्ज किंवा पीपीपीतून यायला पाहिजेत. आमची दुसरी मांडणी त्यात बसवून बघा: केंद्र २५०, खासगी ३०० आणि बाँड-कर्ज २०० मिळून ५००, राज्य २५०. बसते की. ट्रामची निवड होईलच असं नाही, शहरांमध्ये स्पर्धा असणार, पण अर्जाचा सांगाडा असा तयार पाहिजे.

एक फंड मात्र लोक उगीच सांगतात, नॅशनल हाउसिंग बँकेकडचा यूआयडीएफ. मध्यम आणि लहान शहरांसाठी स्वस्त कर्ज आहे हे खरं, पण त्याच्या नियमात शहरी वाहतूक आणि बस-ट्रामसारख्या गाड्या स्पष्ट वगळल्यात. मात्र पावसाळी गटार, ड्रेनेज, पाण्याच्या लाईनी ही कामं त्यात चालतात. ट्रामच्या रस्त्याखालचं ड्रेनेज नाहीतरी नवीन घालावंच लागणार, ते आधी या पैशातून उरकून घेतलं तर ट्रामच्या खर्चातून तेवढा भाग कमी होतो. हे महापालिकेच्या इंजिनिअरना लेखी सुचवा.

परदेशी बँकांचं कर्जही मिळतं, नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यूनं ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीनं १३ कोटी युरो दिले. ते केंद्रामार्फत येतं आणि वेळ खातं. कर्नाटकात अशी कर्जं हाताळायचा अनुभव केयूआयडीएफसीला, म्हणजे राज्याच्या नागरी पायाभूत सुविधा आणि वित्त महामंडळाला आहे, आपल्याकडच्या २४ तास पाण्याच्या कामामागं तीच संस्था होती.

बजेटमध्ये नाव आलं म्हणजे पैसा आला असं मात्र समजू नका. नाशिकच्या मेट्रोनिओला फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये केंद्राचे २,०९२ कोटी जाहीर झाले होते, पेढे वाटायची वेळ तेव्हाच आली असं सगळ्यांना वाटलं, पण गाडी काही धावली नाही.

खासगी भागीदार घेताना मागचं बघून घ्या

मुंबईची पहिली मेट्रो, वर्सोवा ते घाटकोपर, २०१४ मध्ये खासगी भागीदारीतून सुरू झाली आणि सुरू होतानाच भाड्यावरून भांडण. करारात ९ ते १३ रुपये, कंपनी म्हणाली १० ते ४०. दिल्लीची विमानतळ लाईन खासगी कंपनीनं २०१३ मध्ये सोडून दिली, वाद सुप्रीम कोर्टात २०२४ पर्यंत चालला. हैदराबादला एल अँड टीला जमिनीसुद्धा दिल्या होत्या, तरी तिकिटात भागेना, शेवटी २०२५ मध्ये राज्य सरकारनं तो प्रकल्प ताब्यात घ्यायचं ठरवलं. तिन्ही ठिकाणी प्रवासी किती येतील याची जोखीम कंपनीवर टाकली होती, आणि ती तिला झेपली नाही.

म्हणून करार असा मागा की तिकिटाचा पैसा एसपीव्हीच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामालाच पैसे सोडणाऱ्या वेगळ्या खात्यात, जमा होईल आणि कंपनीला धावलेल्या किलोमीटरवर, वेळेवर, स्वच्छतेवर पैसे मिळतील. उशीर झाला, गाडी बंद पडली की कपात. भाडं वाढवायचा अधिकार कंपनीला नाही आणि भाडं न वाढवल्याचा भुर्दंडही तिला नाही.

गावचा पैसा

तूट ६१ कोटींची आहे, त्यातला काही भाग गावानं उचलला तर राज्याकडं ताठ मानेनं जाता येतं. पण काय किती देतं हे खरं सांगायला पाहिजे. पार्किंग घ्या. गणपत गल्ली, किर्लोस्कर रोड, रामदेव गल्ली, खडेबाजार, या भागात २,००० गाड्यांची पे अँड पार्क धरली, एका जागेचे दिवसाला ६० रुपये, वर्षाचे ३०० दिवस, तर होतात ३ कोटी ६० लाख. चांगले आहेत, पण ६१ पुढं थोडेच. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमनं २०१२ पासून ११ किंवा जास्त पार्किंग जागा ठेवणाऱ्या मालकांवर कर लावला आणि तो ट्रामच्या विस्ताराला लावला, तसं इथं करायचं तर राज्याचा कायदा लागेल.

जमिनीचं बघा. रूळ पडायच्या आधीच खानापूर रोडच्या दोन्ही बाजूंचे भाव वाढायला लागतील, ही वाढ कुणाच्या कष्टाची नाही, सरकारच्या खर्चाची आहे. नवीन बांधकाम परवान्यावर सार्वजनिक वाहतुकीचा अधिभार घ्यायची सोय कर्नाटकच्या नगर नियोजन कायद्यात आहे, बेंगळुरूत मेट्रोसाठी तो घेतात. जादा एफएआर, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करायची परवानगी, विकत द्यायचा मार्गही आहे. फक्त हे मार्ग जाहीर व्हायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलं तर जमिनीचे व्यवहार होऊन गेलेले असतात. आणि जुन्या गल्लीतल्या राहत्या घरांना यातून सूट द्या, तिथला माणूस घर विकणार नाहीय, त्याच्या खिशात काही आलेलं नाहीय.

थांब्याला नाव देऊन पैसे घेणं हा प्रकार बेंगळुरूत झालाय, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला कोणप्पन अग्रहार स्टेशनसाठी इन्फोसिस फाउंडेशननं २०० कोटींचा करार केला. आपल्याकडं एवढी रक्कम यायची नाही, पण उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांची संघटना, मोठी कॉलेजं, हॉस्पिटलं यांच्याकडून एकेक थांबा बांधून घेणं जमण्यासारखं आहे.

महापालिकेचे बाँड म्हणाल तर पुण्यानं २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्क्यानं २०० कोटी उभे केले. त्यासाठी क्रेडिट रेटिंग लागतं, ऑडिट झालेले हिशोब लागतात, घरपट्टीची वसुली चांगली लागते. याची तयारी ट्रामच्या आधी दोन-तीन वर्षं सुरू व्हायला पाहिजे. आणि हे सगळं मिळवूनही मोठा भाग राज्यालाच द्यावा लागणार, म्हणून राज्याच्या बजेटमध्ये ट्रामच्या वार्षिक तुटीसाठी वेगळा हेड आणि सरकारी आदेश, हे दोन्ही टेंडरच्या आधी हातात पाहिजेत. तोंडी आश्वासनावर कुठली बँक कर्ज देत नाही.

करारातली बारीक अक्षरं

एडिंबरोत ५४५ दशलक्ष पौंडांत बसवायचं ठरलेलं ट्रामचं काम ७७६ दशलक्षावर गेलं, तेही ठरलेला मार्ग कापून, २०१४ मध्ये. मोठं कारण रस्त्याखालच्या नळ आणि केबली. आपल्या गल्ल्यांखाली काय काय पुरलंय हे एका नकाशावर आणल्याशिवाय रुळाचं टेंडर काढू देऊ नका, नाहीतर प्रत्येक खड्ड्यामागं ठेकेदाराचं वाढीव बिल येणार.

मिरवणुकांचं आधीच लिहा. वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, गणपती विसर्जनाला उंच मूर्ती कपिलेश्वर तलावाकडं निघतात, वर ट्रामची तार असेल तर काय करायचं? एकतर त्या पट्ट्यात तार नको, गाडी बॅटरीवर चालवायची, म्हणजे गाडी महाग. नाहीतर ठराविक ठिकाणी तार बाजूला घेता येईल अशी सोय करायची. दोन्हीचा खर्च डीपीआरमध्ये आत्ताच धरा. तसंच सीमाभागात बंद पाळले जातात, अधिवेशनाच्या काळात मोर्चे निघतात, त्या दिवसांचे पैसे कंपनीला मिळणार की नाही, किती मिळणार, हे कराराच्या आपत्तीच्या कलमात नावानिशी लिहिलेलं पाहिजे.

दुकानदारांचं तर आधी बोला. समोर वर्षभर खोदकाम असलं की धंदा बसतो, भाड्याच्या दुकानात असलेला माणूस तर उठूनच जातो. भरपाईची रक्कम प्रकल्प खर्चातच धरायला लावा आणि काम गल्लीगल्लीनं, सणाचे दिवस सोडून करायला लावा.

आता हातात घ्यायचं काम

तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकाकडून महापालिकेच्या सभेत वाहतूक आराखड्याचा ठराव मांडून घ्या, ५८ पैकी निदान दहा-बारा वॉर्डांतून एकाच मजकुराचं निवेदन गेलं तर वजन पडतं. निवेदन कन्नडमध्ये आणि मराठीत असं दोन्ही द्या, कन्नड प्रत फाईलला लागते, मराठी प्रत आपल्या लोकांना वाचायला. राज्याचं बजेट साधारण फेब्रुवारी-मार्चला येतं म्हणून आमदार आणि पालकमंत्र्यांकडं डिसेंबरमध्येच जा, हिवाळी अधिवेशनाला ते बेळगावातच असतात. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: खानापूर रोडवरची आजवरची वाहतूक मोजणी, महामंडळाच्या शहर बसची मार्गावार प्रवासी संख्या आणि शक्तीचे शून्य तिकिटाचे आकडे, आणि महापालिकेचे गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करायचं.